थकलेलं कर्ज म्हातारं होतं, पण मरत नाही

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये झालेलं भाषण. वक्ते बी विंगचे रहिवासी आणि निवृत्त बँक अधिकारी आहेत. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कमिटीने मला सांगितलं होतं, "काका, तुम्ही बँकेतले. गुंतवणुकीवर बोला." मी म्हटलं, पैसे वाढवायचं शिकवणारे तर आता रोज मोबाइलवर भेटतात. मी थकलेल्या पैशांवर बोलतो. सेक्रेटरी जरा चाचरले. म्हणाले, "अहो, वर्ष आनंदाचं आहे." म्हटलं, म्हणूनच. पंचवीस वर्षं एका छताखाली काढल्यावर घरातली गोष्ट घरात बोलता यायला हवी.

तर आधी घरातलीच गोष्ट सांगतो. मुलाला विचारून सांगतोय. तो म्हणाला, "बाबा, सांगा. अर्ध्या सोसायटीला माहितीच आहे, उरलेल्यांना नीट तरी कळेल."

नोव्हेंबर २०२३. रविवारची दुपार, जेवून नुकता आडवा झालो होतो. गेटवरून इंटरकॉम वाजला. वॉचमन म्हणाला, "काका, दोन माणसं आलीत. दादांच्या कार्डाचे एक लाख अठरा हजार बाकी आहेत म्हणतात." मी खाली जाईपर्यंत हा आकडा वॉचमनने ऐकला होता, भाजी घेऊन येणाऱ्या दोन वहिनींनी ऐकला होता आणि नोटीस बोर्डाजवळ उभ्या असलेल्या एका सभासदांनीही. त्या माणसांकडे ना ओळखपत्र, ना बँकेचं पत्र. मला म्हणाले, "मुलगा भरत नसेल तर बापाने भरायचं."

मी बँकेत आयुष्याची शेवटची नऊ वर्षं वसुली खात्यात काढली. लोकांच्या दारात मी गेलेलो आहे. त्या दिवशी पहिल्यांदा दाराच्या आतल्या बाजूला होतो.

वर आलो आणि हिला विचारलं. ही काही बोलली नाही. देव्हाऱ्याखालचा खण उघडला आणि पाकिटांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. तीन वर्षांची पाकिटं, बहुतेक न उघडलेली. मुलाची पुण्यातली हॉटेलातली नोकरी २०२० साली गेली. त्या वर्षी रिझर्व्ह बँकेने दिलेली हप्त्यांची सवलत ऑगस्टअखेर संपली आणि सप्टेंबरपासून तो भरू शकला नाही. कार्डावर त्या वेळी चाळीस हजार होते. आईला माहीत होतं, बहिणीला माहीत होतं. मला नव्हतं. मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?" ही म्हणाली, "तुम्ही वसुलीवाले. तुम्हाला कसं सांगणार?"

मंडळी, हे वाक्य मी अजून विसरलो नाही. आजच्या बोलण्याचं कारण तेच आहे.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, एका मित्राने सांगितलंय, तीन वर्षं झाली की कर्ज संपतं. सप्टेंबरमध्ये तीन वर्षं झाली. आता कोणी काही करू शकत नाही." त्या मित्राने अर्धी गोष्ट खरी सांगितली होती. अर्धी खरी गोष्ट पूर्ण खोट्या गोष्टीपेक्षा महाग पडते.

न भरलेल्या कर्जाचं काळाबरोबर काय होतं, हे समजायला मी एक साधी युक्ती वापरतो. असं समजा, थकलेल्या कर्जाला एक नाही, तीन घड्याळं असतात. एक व्याजाचं, एक कोर्टाचं आणि एक सिबिलचं. तिन्ही वेगवेगळ्या गतीने चालतात. एक थांबलं म्हणून बाकीची दोन थांबत नाहीत. त्या मित्राने फक्त एका घड्याळाकडे पाहिलं होतं, आणि तेही चुकीचं वाचलं होतं.

पहिलं, व्याजाचं घड्याळ.

क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर साधारण महिना साडेतीन टक्के व्याज धरा. चाळीस हजारांवर महिन्याला १,४०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २५२. झाले १,६५२. व्याजावर व्याज धरलंच नाही आणि उशिराचा दंड सोडून दिला, तरी चोवीस महिन्यांत व्याज आणि कर मिळून मुद्दलाच्या जवळ जातात. चाळीसचे ऐंशी.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, दामदुप्पट. आज आपण तो पैसे दुप्पट करून देणाऱ्या योजनेसाठी वापरतो. पण मूळ नियम नेमका उलटा होता. जुन्या हिंदू कायद्यात असं होतं की सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येणार नाही. म्हणजे दामदुप्पट ही मर्यादा होती, आमिष नव्हतं. मुंबई प्रांतातल्या कोर्टांनी हा नियम मानलेला आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना त्याचा आधार होता.

पण बँकेच्या कार्डाला हा आधार लावायला जाऊ नका. बँकेने लावलेलं व्याज जास्त आहे एवढ्याच कारणावरून कोर्टाने हिशोब पुन्हा उघडू नये, अशी तरतूद १९८४ पासून बँकिंग कायद्यात आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटलं होतं की कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांवर व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा हे घड्याळ आपल्यासाठी कोणी थांबवणार नाही. ते आपणच लवकर थांबवायचं. "किमान रक्कम भरा" असं बिलावर लिहिलेलं असतं ना, त्याने कार्ड चालू राहतं, कर्ज जवळजवळ तिथंच राहतं.

याच घड्याळावर एक खूण आहे नव्वद दिवसांची. नव्वद दिवस किमान रक्कमही आली नाही की खातं एनपीए होतं. मग काही काळाने बँक ते खातं "राइट ऑफ" करते. पेपरात "बँकांनी इतक्या कोटींची कर्जं निर्लेखित केली" अशी बातमी येते आणि आपल्याला वाटतं, मोठ्यांचं माफ झालं, आपलंही झालं असेल. नाही हो. राइट ऑफ ही बँकेच्या वहीतली नोंद. आपल्या ताळेबंदातून बँक ते कर्ज बाजूला काढते, तुमच्या नावावरून नाही. राइट ऑफ वेगळं आणि माफी वेगळी. वसुली चालूच राहते. कधी एजन्सीकडे जाते, तर कधी कर्जच दुसऱ्या कंपनीला विकलं जातं. त्यासाठी तुमची परवानगी लागत नाही. म्हणून तीन वर्षांनी कधी न ऐकलेल्या कंपनीचा फोन येतो. अशा वेळी घाबरून पैसे पाठवू नका आणि फोनही आपटू नका. एकच म्हणा, "कर्ज तुमच्याकडे आल्याचं पत्र आणि पूर्ण हिशोब लेखी पाठवा." खरा माणूस पत्र पाठवतो. खोटा पुन्हा फोन करत नाही.

दुसरं, कोर्टाचं घड्याळ. मित्राचं "तीन वर्षं" इथून आलं.

मुदतीचा कायदा १९६३ सालचा आहे. कार्ड, वैयक्तिक कर्ज, उसनवारी अशा विनातारण पैशांसाठी दावा साधारण तीन वर्षांत दाखल करावा लागतो. मुदत टळली की तुम्ही हरकत घेतली नाही तरी कोर्टाने दावा फेटाळायचा असतो. इथवर मित्र बरोबर. पण चार गोष्टी त्याला माहीत नव्हत्या.

एक. मुदत गेली म्हणजे कोर्टाचा दरवाजा बंद झाला. देणं संपलं नाही. बँक मागू शकते, पत्र पाठवू शकते.

दोन. मुदतीच्या आत तुम्ही सही करून लेखी कबुली दिलीत, "हो, एवढे बाकी आहेत, थोडा वेळ द्या", की तीन वर्षं त्या दिवसापासून नव्याने मोजली जातात. तुमच्या लेखी नोंदीसह भरलेल्या छोट्या रकमेनेही तसंच होतं. आणि मुदत संपल्यानंतरसुद्धा "मी फेडीन" असं सही करून वचन दिलंत, तर करार कायद्याप्रमाणे ते नवं बंधन होतं. म्हणून समोर आलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही नको. "काका, नुसती पोच आहे" असं म्हटलं तरी नको.

तीन. तारण असेल तर ही तीन वर्षं विसरा. गहाण घराच्या कर्जाला कोर्टात बारा वर्षांची मुदत आहे. आणि २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला साठ दिवसांची नोटीस देऊन, दावा न लावताही ताब्याची कारवाई सुरू करता येते. आपल्यातल्या बहुतेकांनी हे फ्लॅट कर्जावरच घेतलेत. कार्ड थकलं तर त्रास होतो, घराचा हप्ता थकला तर घर जातं. पैसे कमी असतील तेव्हा आधी कुठला हप्ता भरायचा, हे यावरून ठरवा.

चार. आणि हे माझ्या मुलाच्या बाबतीत महत्त्वाचं होतं. करोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला. म्हणजे मुलाचं कोर्टाचं घड्याळ सप्टेंबर २०२० मध्ये सुरूच झालं नव्हतं. ते १ मार्च २०२२ ला सुरू झालं. माझ्या हिशोबाने बँकेला फेब्रुवारी २०२५ अखेरपर्यंत दावा लावता आला असता. मित्राच्या भरवशावर तो निवांत बसला होता तेव्हा सव्वा वर्षाची मुदत शिल्लक होती.

इथंच पतसंस्थेचं सांगून टाकतो, कारण आपल्याकडे जामीन राहायची फार हौस. "सही तर करायचीये, ओळखीतला आहे." करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे. आधी त्याच्याकडे जा, मग माझ्याकडे या, असं तुम्ही म्हणू शकत नाही. शिवाय पतसंस्थेला दिवाणी कोर्टात जावं लागत नाही. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातल्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो आणि वसुली अधिकारी पगाराला हात घालतो. आणि संस्थेच्या सभासदाकडच्या येण्याचा वाद सहकार न्यायालयात नेला, तर कलम ९२ प्रमाणे मुदत मोजायची ती तो सभासद वारल्यापासून किंवा त्याचं सभासदत्व संपल्यापासून. म्हणजे सभासद आहात तोवर त्या घड्याळाला चावीच दिलेली नाही. सही करताना हे डोक्यात असू द्या.

तिसरं, सिबिलचं घड्याळ.

गंमत म्हणजे सिबिल ही संस्था आणि आपली सोसायटी एकाच वर्षीची, २००० सालची. आपण गच्चीची गळती मोजत होतो, तेव्हा ते आपला पतइतिहास मोजायची तयारी करत होते. आज अशा चार कंपन्या आहेत. तीनशे ते नऊशेमध्ये गुण देतात. ही माहिती त्यांनी किमान सात वर्षं ठेवायची असते. म्हणजे कोर्टाचं घड्याळ तीन वर्षांवर थांबलं, तरी हे चालूच असतं. मुदत गेली म्हणून नोंद पुसत नाही. कोर्टात तुम्हाला कोणी ओढणार नाही कदाचित, पण घरासाठी कर्ज मागायला गेलात की ती जुनी नोंद तुमच्या आधी टेबलावर जाऊन बसलेली असते.

आणि शब्द नीट वाचायला शिका. "क्लोज्ड" म्हणजे पूर्ण भरून बंद. "सेटल्ड" म्हणजे तडजोडीत कमी भरून बंद. वसुलीवाला म्हणतो, "साठ टक्के भरा, मिटवून टाकू." मिटतं, पण नोंद "सेटल्ड" पडते आणि पुढचा कर्ज देणारा ती खोट समजतो. तडजोड करू नका असं मी म्हणत नाही. झेपत नसेल तर तडजोडच करावी. फक्त काय विकत घेतोय ते कळून घ्यावं.

रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, प्रत्येक कंपनीकडून. मागवा. चुकीची नोंद असेल तर तक्रार करा. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते.

आता त्या "बापाने भरायचं" याबद्दल. सज्ञान मुलाचं कर्ज बापाचं नाही, बाप जामीन नसेल तर. आणि उलटंही ऐका. वडिलांचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य म्हणून पूर्वी कोर्टसुद्धा मानायचं. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीनंतरच्या कर्जांसाठी नुसत्या त्या कारणावरून मुलावर कारवाई होत नाही. माणूस गेला तर त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून देणं भागवायचं, वारसाला जेवढं मिळालं तेवढ्यापुरतंच. आपल्या सोसायटीत दोन-तीन घरांत कर्ता माणूस गेल्यावर असे फोन आलेत. त्या ताईंना मी मुद्दाम सांगतो. फोनवर "भरते" म्हणू नका. मृत्यूचा दाखला पाठवा, कर्जाला विमा होता का ते विचारा आणि हिशोब लेखी मागा.

वसुलीच्या माणसांनाही नियम आहेत. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. ओळखपत्र आणि बँकेचं पत्र जवळ हवं. शेजाऱ्यांसमोर, वॉचमनसमोर आकडा सांगून बदनामी करायची नाही. केली तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी लागत नाही. आणि नुसतं कर्ज थकलं म्हणून पोलिस पकडत नाहीत. मात्र दिलेला चेक वटला नाही किंवा बँकेतून आपोआप जाणारा हप्ता पैशांअभावी परत गेला, तर तो गुन्हा होऊ शकतो. ती नोटीस आली की त्याच दिवशी वकिलाकडे जा.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, काका कर्ज बुडवायला शिकवतायत. तसं नाही. मी वसुलीवाला होतो आणि आहे. घेतलेलं देणं द्यावं, एवढं साधं माझं मत आहे. पण नऊ वर्षांत एक गोष्ट पाहिली. जाणूनबुजून बुडवणारे थोडे. बाकीचे पाकीट न उघडणारे. पहिल्या महिन्यात त्यांनी बँकेत येऊन "नोकरी गेली, हप्ते पाडून द्या" म्हटलं असतं तर बरंच काही करता आलं असतं. ते तिसऱ्या वर्षी येतात, तेव्हा मुद्दलापेक्षा व्याज मोठं झालेलं असतं आणि माणूस लहान झालेला असतो.

आमचं पुढं काय झालं ते सांगतो. त्या रात्री आम्ही तिघांनी सगळी पाकिटं उघडली, तारखेप्रमाणे लावली. मुलगा फोनवर. त्यात सात महिन्यांपूर्वीचं बँकेचंच पत्र निघालं, लोकअदालतीत या म्हणून. ते उघडलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने बँकेला लिहून पूर्ण हिशोब मागितला आणि गेटवरच्या प्रकाराची तक्रारही केली. बँकेने त्या दोघांना पुन्हा पाठवलं नाही. मग पुढच्या लोकअदालतीत पंचावन्न हजारांवर तडजोड झाली. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकुमाइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही. म्हणून रक्कम आणि तारखा नीट वाचून सही केली. पैसे एजन्सीच्या माणसाच्या हातात नाही, बँकेतल्या खात्यात भरले. बाकी नसल्याचा दाखला घेतला. तीन हप्ते, तिन्ही त्याने स्वतः भरले. मी देत होतो, तो घेईना.

त्याच्या रिपोर्टवर "सेटल्ड" आहे. गेल्या वर्षी स्कूटरसाठी कर्ज मागितलं, एका ठिकाणी नकार आला. त्याने जुनी स्कूटर रोखीत घेतली. पार्किंगमध्ये पाहिली असेल तुम्ही. ती राखाडी.

पण मंडळी, मला लागलं ते पंचावन्न हजारांचं नाही. मी आयुष्यभर लोकांची थकबाकी समजून घेतली आणि घरात माझ्याच माणसांना मला सांगायची भीती वाटली. व्याजाचं घड्याळ, कोर्टाचं घड्याळ, सिबिलचं घड्याळ, सगळी मला पाठ होती. देव्हाऱ्याखालचा खण मात्र तीन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होता.

म्हणून दोन विनंत्या. तरुण मंडळींना, पहिला हप्ता चुकला की त्याच आठवड्यात घरी सांगा. आणि आम्हा मोठ्यांना, पोरांनी सांगितलं की पहिलं वाक्य "मी सांगितलं होतं" असं नको. पहिलं वाक्य "पाकीट आण, बघूया" असं असू दे.

कमिटीशी बोललोय. दर रविवारी दहा ते अकरा मी सोसायटीच्या ऑफिसात बसेन. कुणाकडे असा गठ्ठा असेल तर घेऊन या. दार लोटून बोलू. आकडा त्या खोलीबाहेर जाणार नाही, वॉचमनलासुद्धा कळणार नाही.